पत्ता पोर्टलंडचा, नियम कोणाचा? अंगणात ट्रेलर लावून राहण्याबद्दल

वाचकाचं पत्र: आम्ही ओरेगनमध्ये बेथनीला राहतो. पत्ता ‘पोर्टलंड, ओरेगन ९७२२९’ असा आहे. घर तीन बेडरूमचं, दोन मुलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून आईबाबा सहा महिन्यांसाठी येताहेत. बाबा ७२ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खोली अपुरी पडणार म्हणून एक वापरलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची, आत पलंग-संडास असलेली सहलीची खोली, बघून ठेवलाय. तो अंगणात लावायचा आणि आईबाबांनी त्यात झोपायचं असा बेत आहे. मित्र म्हणतो, पोर्टलंडमध्ये २०२१ पासून हे कायदेशीर आहे. शेजारी म्हणतात, तक्रार होईल. जागा आमची, घर आमचं, मग अडचण काय? आईबाबा परत गेल्यावर ट्रेलर शनिवार-रविवार भाड्याने देता येईल का?

उत्तर: ट्रेलरचा बयाणा अजून दिला नसेल तर देऊ नका. तुमचा मित्र म्हणतो ते खरं आहे, पण ते ज्या हद्दीबद्दल खरं आहे त्या हद्दीत तुमचं घर बहुधा नाही. ट्रेलर ही या यादीतली सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. त्याआधी चार गोष्टींचा निकाल लागायला हवा: हद्द कोणाची, वसाहतीचे करार काय म्हणतात, सांडपाणी कुठे जाणार आणि वीज कुठून येणार.

पत्त्यातलं ‘पोर्टलंड’ हे पोस्टाने दिलेलं नाव आहे. टपाल कुठल्या कार्यालयातून वाटलं जातं एवढंच त्यातून कळतं. बेथनी आणि सीडर मिलचा बराचसा भाग पोस्टाच्या लेखी पोर्टलंड असला, तरी प्रत्यक्षात तो वॉशिंग्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), कोणत्याही शहराच्या हद्दीबाहेर येतो. तिथे पोर्टलंड महापालिकेचा नियम चालत नाही, काउंटीचा चालतो. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. ऑक्टोबरमध्ये येणारं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा आणि कर कोणाकोणाला जातो ते ओळीने वाचा. ‘सिटी ऑफ पोर्टलंड’ अशी ओळ असेल तर तुम्ही शहरात आहात. ती नसून ‘टुआलाटिन व्हॅली फायर अँड रेस्क्यू’, ‘टुआलाटिन हिल्स पार्क’ आणि शेरीफच्या जादा गस्तीचा कर अशा ओळी असतील, तर तुम्ही काउंटीत आहात. बिल हाताशी नसेल तर पोर्टलंडमॅप्स या संकेतस्थळावर पत्ता टाका, अधिकारक्षेत्र तिथे लिहिलेलं असतं.

मित्राचा दाखला कशाबद्दल आहे तेही सांगतो, कारण पोर्टलंड शहराच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडेल. तिथे खाजगी जागेवर आर.व्ही.त, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या सहलीच्या वाहनात, राहणं पूर्वी नियमाविरुद्धच होतं. तुमचा ट्रेलरही आर.व्ही.तच मोडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेव्हाच्या शहर आयुक्त क्लोई युडेली यांनी अशा घरांवरची कारवाई मागे ठेवायला सांगितलं. ती नुसती सवलत होती, हक्क नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये नगर परिषदेने ‘शेल्टर टू हाऊसिंग कंटिन्युअम’ नावाचे बदल मंजूर केले आणि त्या ऑगस्टपासून घर असलेल्या निवासी प्लॉटवर एक आर.व्ही. किंवा चाकांवरचं छोटं घर राहण्यासाठी ठेवणं कायदेशीर झालं. एकच, दोन नाहीत. आत संडास, बेसिन, शॉवर असं काही असेल तर ते शहराच्या गटाराला परवाना काढून जोडावं लागतं. आत नळजोड नसेल तर राहणाऱ्याला मुख्य घरातलं बाथरूम वापरायला मिळालं पाहिजे. आणि पाहुण्यांना रात्रीच्या भाड्याने तो देता येत नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं शहरापुरतं उत्तर इथेच मिळालं: शनिवार-रविवारच्या भाड्याचा हिशेब ट्रेलरच्या किमतीतून वजा करून बसू नका.

आता ‘जागा आमची, मग अडचण काय’ याबद्दल. सांगलीला बाबांना हे चटकन समजेल. शेतजमीन सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाची असली तरी तिचा बिगरशेती वापर करायचा तर एनएचा प्रश्न येतोच ना? मालकी एक गोष्ट, वापर दुसरी. इथेही झोनिंग, म्हणजे कोणत्या जागेवर काय चालेल याचे नियम, वापराचं असतं. आर.व्ही.ची गोष्ट त्याहून थोडी वेगळी आहे, कारण कायद्याच्या नजरेत ती इमारत नाहीच, ते वाहन आहे. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे एचयूडीच्या २०१८ च्या नियमात आर.व्ही.ची व्याख्याच अशी आहे की ती फक्त विरंगुळ्यासाठी बनवलेली असते, कायमच्या निवासासाठी नाही. ती एनएफपीए ११९२ किंवा ए११९.५ या मानकांप्रमाणे बनते. घराच्या बिल्डिंग कोडप्रमाणे नाही. भिंतींची जाडी, उष्णतारोधक थर, जिन्याची उंची, खिडक्या, हवा खेळती राहण्याची सोय, यातलं काहीही घराच्या मापाने तपासलेलं नसतं. म्हणून बहुतेक काउंट्या ‘उभी करून ठेवणं’ आणि ‘त्यात राहणं’ या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. शेजाऱ्याच्या अंगणात ट्रेलर दिसतो म्हणून तुम्हाला त्यात झोपण्याची परवानगी आहे असं होत नाही. त्याचा नुसता उभा असेल.

म्हणून काउंटीच्या ‘लँड यूज अँड ट्रान्सपोर्टेशन’ खात्याला, म्हणजे हिल्सबरोच्या कार्यालयाला, ईमेल लिहा. फोन करू नका, केलात तरी मागोमाग ईमेल पाठवा, कारण उत्तर लेखी हवं. टॅक्स बिलावरचा प्रॉपर्टी क्रमांक द्या आणि नेमकं विचारा. माझ्या प्लॉटचा झोन कोणता? मुख्य घर असलेल्या प्लॉटवर ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसांनी झोपायला परवानगी आहे का, आणि असल्यास सलग किती दिवस? पाहुणे आणि कायमचे राहणारे यात नियम फरक करतो का? वृद्ध किंवा आजारी नातेवाइकाच्या देखभालीसाठी तात्पुरता परवाना आहे का? ट्रेलर हद्दीच्या कुंपणापासून आणि रस्त्यापासून किती लांब हवा? प्रत्येक उत्तरासोबत नियमाचा कलम क्रमांक मागा. ‘आर.व्ही. ठेवता येईल का’ एवढंच विचारलंत तर ‘हो’ असं उत्तर येईल आणि ते ठेवण्याबद्दल असेल. ‘झोपणं’ हा शब्द प्रश्नात आलाच पाहिजे.

ओरेगनच्या राज्य कायद्यात दोन वाटा आहेत आणि लोक त्या सर्रास स्वतःला लागू आहेत असं समजतात. पहिली, शेतीच्या झोनमध्ये घरातल्या किंवा नात्यातल्या माणसाच्या आजारपणासाठी किंवा म्हातारपणातल्या देखभालीसाठी तात्पुरती आर.व्ही. लावता येते. तिची ठरावीक काळाने फेरतपासणी होते आणि गरज संपल्यावर तीन महिन्यांत ती हलवावी लागते. दुसरी, २०२३ चं सिनेट बिल १०१३, जानेवारी २०२४ पासून लागू. त्याने काउंट्यांना ग्रामीण निवासी जमिनीवर एका आर.व्ही.ला परवानगी देण्याची मुभा दिली. सक्ती केली नाही. मालक त्याच जागेवर राहत असला पाहिजे, जागेवर दुसरं राहतं घर नको, घराचा भाग भाड्याने दिलेला नको, पाणी, वीज, सांडपाणी यांची सोय मालकाने करायची आणि सुट्टीच्या भाड्याला बंदी. बेथनी शहरी वाढीच्या रेषेच्या, म्हणजे शहरी वस्ती कुठपर्यंत पसरू द्यायची त्या आखलेल्या सीमेच्या, आत येतं, त्यामुळे या दोन्ही वाटा तुमच्या दारापर्यंत येत नाहीत. बँक्स किंवा नॉर्थ प्लेन्स या गावांच्या बाहेर दोन-चार एकर घेतलेल्या वाचकांनी मात्र काउंटीने ही मुभा स्वीकारली आहे का ते विचारावं.

समजा काउंटी हो म्हणाली. तरी वसाहतीचे करार, म्हणजे सीसी अँड आर, उरतातच. घर घेताना टायटल कंपनीने, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीने, दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात ते असतात. ‘वाहने’, ‘ट्रेलर’, ‘तात्पुरती बांधकामे’ हे तीन मथळे शोधा. रस्त्यावरून दिसेल असा ट्रेलर ठेवायचा नाही, किंवा सामान चढवण्या-उतरवण्यापुरता ठरावीक तासच ठेवायचा, अशी वाक्यं नव्या वसाहतींत नेहमी असतात. हा खाजगी करार आहे. सरकारी परवान्याने तो रद्द होत नाही आणि दंडाचं पत्र वसाहतीतल्या घरमालकांच्या असोसिएशनकडून वेगळं येतं.

त्यानंतर टेप घेऊन अंगणात जा. हे लोक करत नाहीत आणि ट्रेलर दारात आल्यावर कळतं. ट्रॅव्हल ट्रेलर साधारण आठ फूट रुंद असतो. वर गुंडाळलेला ऑनिंग, म्हणजे उलगडून लावायचं कापडी छप्पर, आणि आरसे-पायऱ्या धरून वळवायला निदान दहा फूट रुंदीची वाट लागते. तुमच्याकडच्या दोन घरांच्या मधल्या पट्ट्यात माणूस आणि कचऱ्याचे डबे जातात, ट्रेलर जात नाही. म्हणजे ‘अंगणात’ याचा अर्थ बहुधा पुढच्या ड्राइव्ह-वेवर. २४ फूट हे काही जाहिरातींत नुसत्या पेटीचं माप असतं, पुढचा ओढण्याचा दांडा आणखी सुमारे तीन फूट. ड्राइव्ह-वे २० फुटांचा असेल तर दांडा सरळ फुटपाथवर येतो. बाबागाडी ढकलणाऱ्या आईला किंवा काठी टेकत चालणाऱ्या माणसाला तो चुकवायला रस्त्यावर उतरावं लागतं. तक्रार इथूनच सुरू होते आणि ती रास्त असते. जागा सखल असेल तर पुराचा नकाशाही पाहा. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याच्या, नकाशावरच्या पूरक्षेत्रात आर.व्ही. सलग १८० दिवसांपेक्षा कमी ठेवायची किंवा चालू नोंदणीसह, चाकांवर, लगेच हलवता येईल अशी ठेवायची असा दंडक आहे. चाकं काढून खाली कायमचं जोतं बांधलं की वाहनाची इमारत होते आणि मग बिल्डिंग परवान्याचा प्रश्न उभा राहतो.

जागा मिळाली तर जमीन. २४ फुटी ट्रेलर पाच-सहा हजार पौंडांचा असतो. नोव्हेंबरच्या पावसात हिरवळीवर चाकं रुततात, टेकू एका कोपऱ्यात खचतात आणि ट्रेलर तिरका होतो. तिरक्या ट्रेलरचं दार अडकतं, बेसिनचं पाणी साचतं आणि गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रीज नीट थंड होत नाही, कारण त्यातला द्रव उतारानेच फिरतो. गवत काढून, जाळीचं कापड घालून, पाऊण इंची ‘मायनस’ (बारीक चुऱ्यासकटची) खडी चार ते सहा इंच दाबून टाका. आधी डावी-उजवी पातळी चाकांखाली फळ्या घालून करा, चाकांना अडणी लावा, मग पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधा आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे टेकू टेकवा. टेकू हलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नसतात. त्यांनी उचलायला गेलात तर ते वाकतात.

सांडपाणी हा या प्रकरणाचा कणा आहे. ट्रेलरखाली दोन टाक्या असतात: संडासाची काळी आणि बेसिन-शॉवरची राखाडी. संडासाची टाकी साधारण ३० गॅलनची असते आणि कागद वापरणाऱ्या दोन माणसांना आठवडाभर पुरेल असं विकणारा सांगतो. आपल्या घरची पाण्याची सवय धरा, तांब्याने किंवा जेट स्प्रेने धुण्याची, तर ती त्याआधीच भरते. शॉवरची टाकी तर दोन-तीन दिवसांत. ३० गॅलन सांडपाण्याचं वजन २५० पौंड होतं. ते चाकांच्या टाकीत भरून ड्राइव्ह-वेवरून ओढत नेणं सहा महिने जमणार नाही. आणि कृपया घराच्या गटाराच्या ‘क्लीनआउट’चं, म्हणजे तुंबलेला पाइप साफ करायच्या तोंडाचं, झाकण उघडून त्यात पाइप खुपसू नका. फटीतून गटाराचा वायू वर येतो, पावसाचं पाणी गटारात जातं, आणि पाइप निसटला तर जे सांडतं ते शेजाऱ्याच्या कुंपणाखालून वाहतं. परवान्याने केलेल्या जोडणीत तीन इंची नळी, खाली पाण्याचा सापळा म्हणजे पी-ट्रॅप, वर आट्यांचं घट्ट झाकण आणि जमिनीपेक्षा उंच तोंड असतं. उतार दर फुटाला पाव इंच. म्हणजे ट्रेलरपासून घराच्या गटारापर्यंत ३० फूट अंतर असेल तर साडेसात इंच खाली जायला हवं. घराचं गटार तेवढं खोल आहे का, हे प्लंबर खणण्याआधी पाहतो, आणि अनेक बेत इथेच संपतात.

जोडणी झाली तरी संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना शिकवा. उघडी ठेवली तर पाणी लगेच वाहून जातं, घन मळ तसाच राहतो, सुकतो आणि संडासाच्या बरोबर खाली त्याचा ढीग तयार होतो. तो नुसत्या पाण्याने निघत नाही. टाकी दोन तृतीयांश भरू द्या. मग आधी काळी रिकामी करा, नंतर राखाडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. ओले वाइप्स, कितीही ‘फ्लशेबल’ लिहिलेले असोत, त्यात टाकायचे नाहीत.

विजेत सगळ्यात महाग पडणारी चूक एकच आहे. तुमचा ट्रेलर ३० अँपिअरचा असणार. त्याच्या तीन पायांच्या प्लगला टीटी-३० म्हणतात आणि तो १२० व्होल्टचा असतो. दिसायला तो जुन्या ड्रायरच्या ३० अँपिअरच्या प्लगसारखा आहे आणि ड्रायरचा २४० व्होल्टचा असतो. आर.व्ही.चं काम न केलेला इलेक्ट्रिशियन ‘३० अँपिअर’ ऐकून दोन पोलचा ब्रेकर बसवतो आणि २४० व्होल्ट जोडतो. ट्रेलर लावला की काही सेकंदांत कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि फ्रीजचं कंट्रोल बोर्ड जळतं. म्हणून ट्रेलर लावण्याआधी मल्टिमीटरने स्वतः मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे १२०, फेज आणि अर्थमध्ये सुमारे १२०, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळजवळ शून्य. कुठेही २४० दिसले तर प्लग हातातच राहू द्या. गॅरेजच्या साध्या सॉकेटमधून पातळ एक्स्टेन्शन वायर ओढणं हे सहा महिन्यांच्या राहण्याला चालत नाही. वायर गवतात गरम होते, ओल लागते, आणि हीटर लावल्यावर प्लगचं प्लास्टिक वितळतं. ३० अँपिअरला १० गेजची तार लागते. जमिनीखालून नेताना पीव्हीसी पाइपातून १८ इंच खोल, पाइपाशिवाय जमिनीत पुरण्याची केबल असेल तर २४ इंच. खणण्याआधी ८११ या फोन क्रमांकावर कळवा, ओरेगनमध्ये कामाचे पूर्ण दोन दिवस आधी. ते येऊन गॅस, वीज, पाण्याच्या वाहिन्या रंगाने आखून देतात आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

३० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॉट. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण एक हीटर १,५०० वॉट आणि सकाळच्या चहाची इलेक्ट्रिक किटली १,५०० वॉट, म्हणजे दोघांत २५ अँपिअर गेले. त्यात कोणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे पाचला थंडीत ब्रेकर शोधत बसतील.

पाण्याची नळी पिण्याच्या पाण्यासाठीची, बहुधा पांढरी किंवा निळी, असावी. बागेची हिरवी नको. नळाला उलटा प्रवाह रोखणारा व्हॅक्यूम ब्रेकर आणि त्यानंतर ४५ ते ५० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) दाब आणणारा रेग्युलेटर बसवा. घराचा दाब ८० पीएसआयपर्यंत असू शकतो आणि ट्रेलरमधले जोड त्याने गळायला लागतात, तेही भिंतीच्या आत. गोठणाऱ्या रात्री नळी सोडून ठेवायची आणि ट्रेलरच्या आतल्या टाकीतलं पाणी पंपाने वापरायचं.

आता थंडी, आणि इथे कायद्यापलीकडचं बोलायला हवं. ट्रेलरची आतली हवा गरम करणारी भट्टी बहुधा तासाला ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं एकक) असते. २० पौंडी प्रोपेन सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू मावतात, म्हणजे सलग चालली तर १४ तास. थंडीत ती एक तृतीयांश वेळ चालली तरी एक सिलिंडर दोन दिवसही जात नाही. आपल्याकडचा घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, हा नऊ किलोचा. दर दीड-दोन दिवसांनी तो काढायचा, भरून आणायचा, पावसात उभं राहून पुन्हा जोडायचा. भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतो. जानेवारी २०२४ च्या बर्फवादळासारखं काही आलं आणि वीज गेली, तर बॅटरी उतरल्यावर गॅस असूनही भट्टी बंद. शिवाय शेगडीवर जळणाऱ्या प्रत्येक पौंड प्रोपेनमागे सुमारे १.६ पौंड पाण्याची वाफ आत सुटते. त्यात कुकरच्या शिट्ट्या, वाळत घातलेले कपडे आणि झोपलेल्या दोन माणसांचा श्वास. सकाळी खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीवरून पाणी ओघळतं, गादीखालची फळी ओली होते आणि डिसेंबरपर्यंत कोपऱ्यात काळी बुरशी येते. छतावरचा पंखा रोज चालवावा लागतो, म्हणजे गरम केलेली हवा बाहेर घालवावी लागते. फोडण्या मुख्य घरातच द्या.

ऊब कमी पडते म्हणून शेगडी पेटती ठेवणं हा जिवाचा धोका आहे. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि प्रोपेनचा असे तिन्ही अलार्म तपासा. नुसतं बटण दाबून वाजले म्हणजे चांगले असं नसतं. त्यांच्या पाठीवर मुदत छापलेली असते, वापरलेल्या ट्रेलरमध्ये ती बहुतेकदा उलटून गेलेली असते. मागच्या बाजूला लाल मुठीची संकटकालीन खिडकी असते. ती बाबांना स्वतः उघडून बघायला सांगा. वर्षानुवर्षं न उघडल्याने रबर चिकटलेलं असतं, आणि उघडली तरी कंबरेच्या उंचीवरून बाहेर उडी मारायची असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला ती वाट नाही. दाराशीही तीच गोष्ट. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, दुमडून बसणाऱ्या अरुंद लोखंडी पायऱ्या, ओल्या आणि निसरड्या.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: परवानगी मिळाली तरी आईबाबांना नोव्हेंबर ते एप्रिल ट्रेलरमध्ये झोपवू नका. खरंच खोली कमी पडत असेल तर घरातली खोली त्यांना द्या आणि ट्रेलरमध्ये तुम्ही दोघं झोपा. कोण झोपतं याने परवान्याची गरज बदलत नाही, तो तेव्हाही लागेलच. पण रात्री तीनला ब्रेकर उडाला तर उठून जाणारा माणूस चाळिशीतला असेल.

त्याहून सोपं म्हणजे दोन मुलांना एका खोलीत घ्या आणि खालच्या मजल्यावर जी ‘डेन’, म्हणजे बसायची छोटी जादा खोली, असेल तिला दार लावून आईबाबांची खोली करा. पलंगाची उंची १८ ते २० इंच, म्हणजे बाबांना उठताना गुडघ्यावर जोर येणार नाही. खालच्या संडासात भिंतीतल्या लाकडी उभ्यांत घट्ट बसवलेली आधाराची दांडी आणि जेट स्प्रे. खाली शॉवर नसेल तर दिवसातून एकदाच जिना चढायचा, त्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घ्या. हे सगळं ऑक्टोबरच्या दोन शनिवार-रविवारांत होतं आणि आतल्या डागडुजीत मोडतं.

आईबाबा दरवर्षी येणार असतील तर एडीयूचा विचार करा, म्हणजे त्याच प्लॉटवरचं छोटं दुसरं घर. २०१७ च्या राज्य कायद्याने शहरी रेषेच्या आत, अडीच हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना आणि पंधरा हजारांहून जास्त वस्तीच्या काउंट्यांना, स्वतंत्र घराच्या प्लॉटवर निदान एक एडीयू मान्य करणं भाग पाडलं. तिथे तुम्ही हक्काने अर्ज करता. ट्रेलरसाठी मात्र सवलत मागावी लागते. यंदाच्या नोव्हेंबरला ते होणार नाही, नकाशे आणि परवान्यालाच महिने जातात. कॅलिफोर्नियातले वाचक याच प्रश्नावर लिहितात, त्यांच्यासाठी एवढंच: लॉस एंजेलिस आणि फ्रेस्नो चाकांवरचं छोटं घर एडीयूसारखं मानतात, पण लॉस एंजेलिसमध्ये ते स्वतःच्या इंजिनावर चालणारं नको. मोटरहोम त्यात बसत नाही.

तरीही ट्रेलर घ्यायचाच असं ठरलं, तर विमा कंपनीला राहण्याचा वापर लेखी कळवा. साधी आर.व्ही. पॉलिसी सहलीच्या वापराची असते, त्यात मुक्काम ठोकणाऱ्यांसाठी वेगळी, ‘फुल-टाइमर’ म्हणतात ती, घ्यावी लागते. आणि ट्रेलर आणण्याच्या आदल्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे स्वतः जा. कारवाई बहुतेक तक्रारीवरूनच सुरू होते. किती महिने, कुठे उभा राहील, सांडपाणी कसं जाईल हे सांगा आणि परवान्याची प्रत मोबाइलवर दाखवा. तक्रारीचं पत्र आलंच तर निरीक्षकाला ‘नुसता ठेवलाय’ असं सांगू नका. आतला दिवा, पायऱ्यांवरच्या चपला आणि जोडलेली वायर त्याला दिसतेच. त्यापेक्षा मुदत मागा, लेखी मागा, आणि त्या मुदतीत आईबाबांना घरात हलवा.

पहिलं काम आजच करा: टॅक्सचं बिल शोधा आणि ओळी वाचा. काउंटीचं लेखी उत्तर आलं की ते आम्हाला पाठवा, त्यातली कलमं तुमच्या प्लॉटला कशी लागू होतात ते पुढच्या सदरात पाहू.